‘नाही’ म्हणणारे कोणी नसते तेव्हा: ख्रिस्ती श्रद्धा आणि स्वतंत्र कादंबरीलेखन

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला आणि उत्तर लिहायला चार दिवस घेतले. तुम्ही गोव्यात, बार्देश तालुक्यातल्या एका गावात राहता, नोकरी करता आणि चार वर्षे पहाटे उठून तुम्ही एक मराठी कादंबरी पूर्ण केली आहे. तिच्या नवव्या प्रकरणात लग्नाआधी दिवस गेलेली एक मुलगी आहे आणि ऐन अडचणीच्या वेळी तिच्या घरच्यांना टाळणारा एक पाद्री आहे. हे छापले तर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, असे आईला वाटते. ख्रिस्ती माणसाने देवाचा गौरव होईल तेवढेच लिहावे, असे प्रार्थनागटातल्या मित्राने सांगितले आहे. तुम्हाला मात्र नोकरी सोडून, स्वतःच प्रकाशक होऊन, पुढेही कादंबऱ्याच लिहायच्या आहेत. आणि म्हणून तुम्ही विचारले आहे की श्रद्धा आणि लेखन यांचा तोल कसा सांभाळावा.

‘तोल’ या शब्दामुळे डोळ्यांसमोर तराजू उभा राहतो: एका पारड्यात भर पडली की दुसरे वर जाणार. गेल्या बावीस वर्षांत सहा कादंबऱ्या स्वतःच्या खर्चाने काढताना मला तसा अनुभव आला नाही. माझी श्रद्धा लेखनाच्या आड क्वचितच आली. मी चुकले ते जिथे मला अडवणारे कोणी नव्हते तिथे. प्रकाशकाकडे पुस्तक देणाऱ्या लेखकाच्या आणि वाचकाच्या मध्ये संपादक असतो, संस्थेच्या नावाची काळजी असते, कधी वकिलाचा सल्लाही असतो. आपले हस्तलिखित मात्र टेबलावरून थेट छापखान्यात जाते. ‘हे घेऊ नका’ असे सांगण्याचे काम आपल्यालाच करावे लागते, आणि स्वतःच्या बाबतीत आपले मन फार लवकर सवलत देते. तुमचा खरा प्रश्न मला हा दिसतो: जेव्हा ‘नाही’ म्हणणारे कोणी नसते, तेव्हा ते कोणत्या आधारावर आणि नेमके कशाला म्हणायचे?

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. मी कॅथलिक आहे आणि माझे उत्तर त्याच चौकटीतले आहे. तुमची मंडळी, म्हणजे चर्चचा पंथ, वेगळी असेल तर तिथले शिस्तीचे नियम वेगळे असू शकतात. तुमची नोकरी चर्चने चालवलेल्या शाळेत असेल, तर पुस्तकाचा परिणाम पगारावर होऊ शकतो. तो विचार आधी करावा, आणि त्यात भित्रेपणा काही नाही. घरात तुमच्या कमाईवर कोण कोण अवलंबून आहे, हेही मला माहीत नाही. आणि गाव लहान असेल तर प्रत्येक पात्रात कोणीतरी स्वतःला शोधणारच, तुम्ही कितीही कल्पनेने लिहिले तरी.

प्रथम परवानगीचा प्रश्न, कारण तो सर्वांत सोपा आहे. कॅथलिक माणसाला कादंबरी छापण्यापूर्वी बिशपची संमती घ्यावी लागत नाही. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्यानुसार, ती संमती लागते बायबलच्या आवृत्त्यांना, प्रार्थनापुस्तकांना, धर्मशिक्षणाच्या पुस्तकांना. निषिद्ध पुस्तकांची जी यादी होती, तिची कायदेशीर सक्ती १९६६ साली संपली. एक मात्र लक्षात ठेवावे: धर्म किंवा नीती यांविषयीची पुस्तके चर्चच्या आत मांडून विकायची असतील तर मान्यता लागते, तेव्हा फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, दिवशी चॅपेलच्या दारात पुस्तकांचे टेबल मांडण्याचा विचार असेल तर आधी विगारांशी, म्हणजे तिथल्या मुख्य पाद्रींशी, बोलावे. पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२४ मध्ये साहित्यवाचनाच्या महत्त्वावर एक स्वतंत्र पत्रच लिहिले आणि पाद्री होऊ घातलेल्यांनी कथा-कादंबऱ्या आणि कविता वाचाव्यात, असा आग्रह धरला. ते पत्र तुमच्या मित्राला वाचायला द्यावे. माणसाच्या मनाचा अंधार समजून घेण्याला चर्च स्वतः महत्त्व देत असेल, तर तो अंधार लिहिणाऱ्याने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही.

मित्राच्या म्हणण्याला याहून जुने उत्तरही आहे. दावीद राजाने बथशेबेला आणवले, तिच्या नवऱ्याला लढाईत मरायला पाठवले, आणि हे सगळे पवित्र शास्त्राने लपवलेले नाही. नाथान संदेष्टा त्याच्याकडे गेला तेव्हा त्याने आज्ञा वाचून दाखवल्या नाहीत. एका गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली. गोष्ट ऐकून राजा संतापला, आणि मग नाथान म्हणाला, तो माणूस तूच आहेस. गोष्टीआधी उपदेश केला असता तर राजा सावध झाला असता. माझ्या तिसऱ्या कादंबरीत दारुड्या बापाचे एक प्रकरण होते. त्याच्या शेवटी मी पश्चात्तापाची दीड पाने जोडली होती. ती काढल्यावर प्रकरण नीट उभे राहिले, कारण तोपर्यंत तो बाप वाचकाला स्वतःच्या घरातला वाटू लागलेला असायचा आणि माझी दीड पाने त्याला पुन्हा परक्याच्या घरात नेऊन सोडत होती.

आपण मराठीत लिहितो म्हणून आणखी एक सांगावेसे वाटते. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो ती ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली बाबा पदमनजी यांनी लिहिली, आणि ते त्याआधी तीनच वर्षे बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले होते. त्या पुस्तकात प्रचाराचा हेतू उघड आहे. पण मी ते वाचते तेव्हा माझ्या मनात राहतात त्या विधवांच्या हकिगती, कारण तिथे लेखक बोलायचे थांबून पाहू लागतो. आणि आपल्या साष्टीत फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण रचले ते ओवीत. जन्माने इंग्रज असलेल्या या जेझुइट संघाच्या पाद्रीने इथल्या लोकांच्या कानाला सवयीचा छंद उचलला आणि १६१६ साली राशोल येथे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ते पुस्तक छापून निघाले. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम काढला आणि हा धागा फार क्षीण झाला. ‘ख्रिस्ती असून मराठीत का लिहिता’ असे तुम्हाला दोन्ही बाजूंनी विचारले जात असेल. मला अजूनही विचारतात. माझे घर कोकणी, माझी प्राथमिक शाळा डिचोली तालुक्यातली सरकारी मराठी, आणि मला वाक्य सुचते ते मराठीत. एवढे उत्तर मला पुरते.

आता मूळ मुद्द्याकडे येते. माझ्या दुसऱ्या कादंबरीत एक लोभी पाद्री होता. पुस्तक आले तेव्हा गावात त्याच्यावरून बराच गदारोळ झाला, दोन घरांनी माझ्याशी बोलणे टाकले आणि मी मनातल्या मनात स्वतःला फार धीट समजू लागले. त्याच पुस्तकात एक साधा परिच्छेद होता, ज्याच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. त्यात एक म्हातारी दर शनिवारी बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसून मुलाचे काळे बूट खोबरेल लावून पुसते. मुलगा बोटीवर कामाला गेलेला आणि परत न आलेला. बुटांच्या नाड्या ती सोडवते, धुते आणि पुन्हा ओवून ठेवते, पण गाठ मारत नाही. हे मी कल्पनेने लिहिले नव्हते. आमच्या वाड्यावरच्या एका बाईने एका लादाईनीनंतर, म्हणजे शेजाऱ्यांच्या सामुदायिक प्रार्थनेनंतर, वाफवलेले चणे वाटीत घेऊन माझ्या शेजारी बसली असताना, मला हळू आवाजात सांगितले होते. गाठीचे तर तिने अगदी शेवटी, उठता उठता सांगितले.

पुस्तकानंतर ती चॅपेलमध्ये माझ्यापासून दोन बाके सोडून बसू लागली. मला वाटले, तिलाही पाद्रीचेच वाईट वाटले असेल. सहा महिन्यांनी तिच्या भाचीने मला खरे कारण सांगितले. मी कुमसाराला, म्हणजे पापनिवेदनाला गेले आणि सगळे बोलले. पाद्रींनी मत्तयाच्या पाचव्या अध्यायाची आठवण दिली: अर्पण वेदीपाशीच ठेव आणि आधी समेट कर. मी तिच्या घरी गेले तेव्हा ती अंगणात सोलां, म्हणजे आमसुले, वाळत घालत होती. हात लाल झालेले. तिने मान वर न करता म्हटले, “तीं जोतीं म्हजीं आसलीं, बाय. तुवें विचारूंक जाय आसलें.” ते बूट माझे होते, तू विचारायला हवे होतेस, याहून अधिक ती काही बोलली नाही. मी तिच्या शेजारी बसून अर्धी टोपली संपेपर्यंत सोलां पसरवत राहिले.

ज्या पाद्रीवरून गाव पेटले, त्याच्याबद्दल माझे मन स्वच्छ होते, कारण तो कोणा एका माणसावरून घेतलेला नव्हता आणि त्याच्या लोभामागचे त्याचे दारिद्र्यही मी लिहिले होते. बुटांबद्दल गावाला काहीच वाटले नाही, आणि अपराध तिथे होता. म्हणून गावाच्या आरड्याओरड्यावरून आपल्या चुका मोजू नयेत, आणि गावाच्या शांततेवरून तर मुळीच मोजू नयेत. प्रकाशकाच्या संपादकालाही तो परिच्छेद खटकला नसता, उलट आवडला असता. तिथे ‘नाही’ म्हणू शकणारी व्यक्ती मी एकटीच होते, कारण ते मला कसे मिळाले हे फक्त मला माहीत होते.

स्वतःच प्रकाशक असल्याचा फायदा त्याच वेळी कळला. छापलेल्या पाचशे प्रतींपैकी एकशे साठ घरी शिल्लक होत्या. त्यांची विक्री मी त्याच आठवड्यात थांबवली आणि पुढच्या आवृत्तीतून तो परिच्छेद काढला. कोणाची परवानगी मागावी लागली नाही, कोणता करार आड आला नाही. पैसे बुडाले ते माझे.

तेव्हापासून हस्तलिखित छापायला देण्याआधी मी एक वही घेऊन बसते आणि प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगापुढे लिहिते की तो कुठून आला: पाहिलेला, ऐकलेला, सांगितलेला की रचलेला. ‘सांगितलेला’ असेल तर कोणी सांगितला आणि त्या व्यक्तीला विचारले का, हेही लिहिते. तुमच्या नवव्या प्रकरणाला हीच कसोटी लावा. ती मुलगी रचलेली असेल तर आईच्या भीतीने तिला काढू नका. पण ती तुमच्या ओळखीतली खरी मुलगी असेल, आज कुठेतरी संसार करत असेल, तर गाव आणि नाव बदलून भागणार नाही. तिला विचारावे लागेल, आणि ती नको म्हणाली तर ते प्रकरण नव्याने रचावे लागेल. पाद्रीच्या बाबतीत माझा प्रश्न वेगळा आहे. त्याने टाळले, हे ठीक. पण टाळताना तो स्वतःला काय समजावत होता, हे तुम्हाला ठाऊक आहे का? ते ठाऊक होईपर्यंत तो फक्त तुमच्या रागाचा पुतळा आहे. ज्याच्यावर आपण रागावलो आहोत त्याची बाजू पूर्ण ऐकून घेणे, हे माझ्या दृष्टीने कादंबरीकाराचे सर्वांत ख्रिस्ती काम आहे, मग त्या पानावर येशूचे नाव एकदाही येवो वा न येवो.

आणखी एक ‘नाही’ पैशांच्या बाबतीत येतो. माझ्या चौथ्या कादंबरीच्या वेळी एका संस्थेने दोनशे प्रती विकत घेण्याची तयारी दाखवली, फक्त शेवटी नायिका पुन्हा चर्चमध्ये परतली पाहिजे, अशी अट घातली. ते भले लोक होते आणि मला पैशांची गरज होती. पण ती परतणार नव्हती, निदान त्या पुस्तकात तरी नाही, आणि न घडलेले परतणे लिहिणे म्हणजे धर्माच्या नावाने खोटे बोलणे झाले असते. त्यांना मी कृतज्ञतेने नकार कळवला. स्वतःचे पुस्तक विकताना खोटी परीक्षणे मित्रांकडून लिहून घेणे, दुसरी आवृत्ती नसताना मुखपृष्ठावर तसे छापणे, हेही याच जातीचे आहे. इथे तर ‘खोटी साक्ष देऊ नको’ ही आठवी आज्ञा पुरेशी स्पष्ट आहे.

नोकरी सोडण्याबद्दल मी तुम्हाला आकडे सांगते, कारण प्रार्थनेने हिशेब बदलत नाही. माझी गेली कादंबरी डेमी आकाराची, २४० पानांची होती. ३०० प्रती छापल्या. मुखपृष्ठासह प्रतीमागे साधारण ११० रुपये पडले. किंमत ३०० रुपये ठेवली. विक्रेत्याला चाळीस टक्के दिले की हातात १८० रुपये येतात, म्हणजे प्रतीमागे ७० रुपये उरतात. सगळ्या प्रती खपल्या तरी हे २१,००० रुपये होतात, आणि ते पुस्तक लिहायला मला दोन वर्षे लागली होती. मी घर चालवते ते मुद्रितशोधन आणि भाषांतराच्या कामावर. म्हणून नोकरी सोडू नका. निदान दुसरे पुस्तक येईपर्यंत नाही. बाकी व्यवस्था अवघड नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील नेमून दिलेली ग्रंथालये यांना प्रती पाठवणे १९५४ च्या कायद्याने बंधनकारक आहे. स्वतः प्रकाशक झालात की ही जबाबदारी तुमची. आणि कादंबरीत बायबलचे लांब उतारे घेणार असाल तर सध्याच्या मराठी भाषांतरांवर स्वामित्वहक्क असू शकतो, तेव्हा लेखी परवानगी घ्यावी. पंडिता रमाबाईंचे १९२४ साली प्रसिद्ध झालेले भाषांतर आता हक्कमुक्त आहे आणि त्याची भाषाही मला फार प्रिय आहे.

वेळेचे मी थोडक्यात सांगते. रविवारी मी लिहीत नाही. सुरुवातीला तो नियम म्हणून पाळला. आता कळते की आठवड्यात एक दिवस माझी पात्रे माझ्याविना राहिली तर सोमवारी ती मला कमी जुमानतात, आणि ते चांगले असते. कारेज्माच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, चाळीस दिवसांत नवे पान लिहीत नाही, फक्त जुने तपासते आणि कापते. हे सगळ्यांनी करावे असे नाही. लहान मुले असलेल्या बाईला रविवार दुपारचाच वेळ मिळत असेल, तर तिने तो अपराध न मानता वापरावा.

तुमची वही तपासणारे दुसरे कोणीतरी हवे, हे मात्र मी आग्रहाने सांगेन. माझे पहिले वाचक तीन आहेत: एक निवृत्त मराठी शिक्षक, जे हिंदू आहेत आणि माझ्या धार्मिक सवयींना अजिबात भुलत नाहीत, एक सिस्टर, म्हणजे जोगीण, आणि एक मैत्रीण, जी चर्चपासून कधीच दूर गेली आहे. तिघांपैकी दोघांनी एकाच पानावर बोट ठेवले तर मी ते पान पुन्हा लिहिते. सगळे वाचक आपल्याच प्रार्थनागटातले असतील तर ते आपल्याला फक्त सांभाळून घेतात.

आता आईबद्दल. टोपणनाव घ्यावे का, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. घ्यायचे तर घ्या. पण आईला अंधारात ठेवण्यासाठी घेऊ नका, कारण आपल्याकडे ते पंधरा दिवससुद्धा टिकत नाही. माझ्या आईला देवनागरी वाचता येत नव्हती. ती पोर्तुगीज शाळेत शिकलेली. म्हणून छापायला देण्याआधी मी रात्री तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाल्यावर तिला एकेक प्रकरण वाचून दाखवायचे, वाचता वाचता कोकणीत सांगत जायचे. तिला न आवडलेले पुष्कळ काही मी ठेवले आणि तिनेही ते सहन केले. पण वाचताना एखाद्या वाक्यावर जीभ अडखळायची, तिच्या तोंडावर ते कोकणीत सांगवत नसे. आधी मला वाटायचे की ही लाज आहे. नंतर ती वाक्ये बाजूला काढून पाहिली, तेव्हा त्यांतली फार थोडी धीट होती. बहुतेक फक्त खोटी होती, कुठेतरी वाचलेली, दिखाऊ. पापाची, देहाची, रागाची खरी वाक्ये मला तिला सांगता आली. नववे प्रकरण आईला एकदा असे वाचून दाखवा, हातात पेन्सिल ठेवून.